डिझेल इंजिनातील सिलिंडर हेडचे बोल्ट : पुनर्वापराची मर्यादा आणि योग्य आवळणी

गोषवारा

डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीत सिलिंडर हेड उतरविल्यानंतर जुनेच बोल्ट पुन्हा वापरावेत की नवे घ्यावेत, आणि ते किती व कसे आवळावेत, हे प्रश्न वरकरणी कारागिरीचे वाटतात. वस्तुतः त्यांची उत्तरे स्थितिस्थापकता व घर्षण या पदार्थविज्ञानातील दोन मूलभूत संकल्पनांत आहेत. बोल्ट आवळताना मोजला जातो तो पीळ. परंतु हेड दाबून धरतो तो बोल्टमधील ताण. या दोहोंतील अंतर लक्षात न घेतल्यामुळे गॅस्केट उडणे, ऑइलमध्ये पाणी उतरणे व बोल्ट तुटणे असे दोष उद्भवतात. प्रस्तुत लेखात या तत्त्वांचे विवेचन केले असून सोलापूर परिसरातील इंजिनांच्या वापराच्या संदर्भात पुनर्वापराचे निकष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : सिलिंडर हेड, हेड बोल्ट, पूर्वताण, टॉर्क, घर्षण, स्थितिस्थापक मर्यादा, पुनर्वापर.

प्रस्तावना

सोलापूर शहरातील नवी पेठ ही गजबजलेली बाजारपेठ आहे. तेथील दुकानांत येणारा व तेथून जाणारा माल प्रामुख्याने ट्रक व टेम्पोंतून वाहिला जातो. पुणे-हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात भीमा नदी आणि उजनी धरणाचे कालवे यांच्या आधारे ऊस व इतर बागायती पिके घेतली जातात, आणि जेथे वीज पोहोचत नाही किंवा वेळेवर मिळत नाही तेथे पाणी उपसण्यासाठी डिझेलवर चालणारे ऑइल इंजिन वापरले जाते. बाजारपेठ, महामार्ग आणि शेत या तिन्ही ठिकाणी डिझेल इंजिन हा दैनंदिन जीवनाचा भाग आहे.

महाराष्ट्राचा या यंत्राशी असलेला संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी येथे कारखाना उभारला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने स्वातंत्र्यपूर्व काळातच डिझेल इंजिनांची निर्मिती केली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली आणि पुढील दशकांत तिची इंजिने खेडोपाडी पोहोचली. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. अलीकडच्या काळात, १९९२ मध्ये सोलापुरात स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इंजिनांचे कॅमशाफ्ट तयार करते.

इंजिन तयार करण्याची परंपरा जेवढी महत्त्वाची, तेवढीच ते दुरुस्त करण्याची. ही दुसरी परंपरा बहुतांशी ग्रंथबद्ध नाही. ती मिस्त्री व फिटर यांच्या हातांत आहे. हेड बोल्ट हा या परंपरेच्या कसोटीचा विषय होय. ज्या सवयीने जुन्या ऑइल इंजिनाची दुरुस्ती वर्षानुवर्षे यशस्वी झाली, तीच सवय नव्या वाहनाच्या इंजिनास मारक ठरू शकते. याउलट, नव्या इंजिनांसाठी केलेला ‘दर वेळी बोल्ट बदला’ हा नियम जुन्या इंजिनाच्या मालकावर अकारण भुर्दंड टाकतो. म्हणून सरसकट नियमापेक्षा त्यामागील कारण समजून घेणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे

१. हेड बोल्टचे कार्य व पूर्वताणाचे महत्त्व स्पष्ट करणे.
२. टॉर्क व प्रत्यक्ष ताण यांतील फरक उदाहरणासह मांडणे.
३. बोल्टच्या पुनर्वापराचे निकष व आवळणीची पद्धत सांगणे.
४. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येण्याजोगा प्रयोग सुचविणे.

१. बोल्ट ही एक स्प्रिंग

सिलिंडर ब्लॉक व हेड यांच्यामध्ये गॅस्केट असते. ज्वलनातील वायू, थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल या तिन्हींना परस्परांपासून वेगळे ठेवण्याचे काम हे पातळ आवरण करते. ते स्वतःच्या बळावर हे काम करू शकत नाही. हेड व ब्लॉक यांनी त्याला सतत दाबून धरावे लागते आणि हा दाब बोल्ट पुरवितात.

बोल्ट आवळला की तो किंचित लांब होतो. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार ही लांबी बलाच्या प्रमाणात वाढते आणि बल काढताच बोल्ट पूर्ववत होतो. मात्र हे स्थितिस्थापक मर्यादेपर्यंतच. ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर येण्याचा प्रयत्न करतो, आणि त्या प्रयत्नातूनच हेड ब्लॉकवर दाबले जाते. इंजिन सुरू होण्यापूर्वी बोल्टमध्ये निर्माण केलेल्या या ताणास पूर्वताण म्हणता येईल.

या पूर्वताणाला किती बलाचा सामना करावा लागतो, हे एका परिचित उदाहरणावरून दिसेल. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्रास आढळणाऱ्या किर्लोस्कर टीव्ही-१ या एका सिलिंडरच्या इंजिनाचा व्यास ८७.५ मिलिमीटर व स्ट्रोक ११० मिलिमीटर असून ते मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५.२ किलोवॉट शक्ती देते. ज्वलनसमयी सिलिंडरमधील कमाल दाब ७० बार धरल्यास हेडला वर ढकलणारे बल सुमारे ४२ किलोन्यूटन, म्हणजेच सव्वाचार टनांहून थोडे अधिक येते. चार-स्ट्रोक इंजिनात १५०० फेऱ्यांमागे ७५० वेळा ज्वलन होते. याचा अर्थ, हा धक्का तासाला ४५,००० वेळा आणि आठ तासांच्या पाळीत ३,६०,००० वेळा बसतो.

येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे. बोल्ट तुटला की ‘जास्त आवळला असावा’ असा निष्कर्ष सहसा काढला जातो. प्रत्यक्षात पूर्वताण पुरेसा असेल तर ज्वलनाच्या प्रत्येक धक्क्याचा अल्पसा अंशच बोल्टपर्यंत पोहोचतो. उरलेला भाग दाबलेल्या हेडवरील व गॅस्केटवरील दाब कमी होण्यात खर्ची पडतो. बोल्ट सैल असेल तर सांधा उघडतो आणि धक्क्याचे संपूर्ण बल बोल्टवर येते. लाखो वेळा कमी-अधिक होणाऱ्या या बलाने धातू थकतो, सूक्ष्म तडा वाढत जातो आणि बोल्ट तुटतो. चालत्या इंजिनात तुटलेल्या बोल्टचे कारण पुष्कळदा अपुरी आवळणी हे असते.

२. टॉर्क रेंच नेमके काय मोजतो

टॉर्क म्हणजे पाना फिरविण्यासाठी लागणारा पीळ. टॉर्क रेंच तेवढाच मोजतो. बोल्ट किती ताणला गेला हे त्याला कळत नाही. सर्वसाधारणपणे दिलेल्या पिळापैकी जवळजवळ निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे ४० टक्के भाग आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. बोल्ट प्रत्यक्ष ताणण्यासाठी उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून घर्षणात थोडा बदल झाला तरी ताणात मोठा फरक पडतो.

यंत्र-अभिकल्पाच्या अभ्यासक्रमात शिकविले जाणारे सूत्र असे आहे : ताण = टॉर्क ÷ (घर्षण-गुणक × बोल्टचा व्यास). एम-१२ आकाराच्या, १०.९ दर्जाच्या बोल्टला ९० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर वेगवेगळ्या स्थितींत मिळणारा ताण पुढील तक्त्यात दिला आहे. गुणकाच्या किमती निदर्शक आहेत.

तक्ता क्र. १ : टॉर्क ९० न्यूटन-मीटर, बोल्टचा व्यास १२ मिलिमीटर

आट्यांची स्थिती — गुणक — ताण (किलोन्यूटन)
गंजलेले किंवा मळकट आटे — ०.२५ — ३०.०
स्वच्छ, कोरडे आटे — ०.२० — ३७.५
इंजिन ऑइल लावलेले आटे — ०.१५ — ५०.०
मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावलेले आटे — ०.१२ — ६२.५

रेंचवरील आकडा चारही वेळा सारखाच आहे. ताण मात्र ३० पासून ६२.५ पर्यंत, म्हणजे दुपटीहून अधिक बदलतो. या दर्जाच्या एम-१२ बोल्टची प्रमाणित भारक्षमता ७० किलोन्यूटन आहे, हे लक्षात घेता पहिल्या स्थितीत हेड अपुरे दाबले जाते, तर चौथ्या स्थितीत बोल्ट मर्यादेच्या जवळ पोहोचतो. उत्पादकाने पुस्तिकेत दिलेला टॉर्क हा विशिष्ट वंगणासाठी असतो. ऑइल सांगितले असता ग्रीस लावणे किंवा कोरडे आवळणे म्हणजे तो आकडाच बदलणे होय.

एककांचा गोंधळ हाही दोषाचा एक स्रोत आहे. जुन्या पुस्तिकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये, काहींत फूट-पाउंडमध्ये, तर नव्या पुस्तिकांत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. ९ किलोग्रॅम-मीटर, ६५ फूट-पाउंड आणि ८८ न्यूटन-मीटर ही जवळपास एकच किंमत आहे. ६५ हा आकडा न्यूटन-मीटर समजून आवळणी केल्यास बोल्ट सुमारे चतुर्थांशाने सैल राहतो.

३. हाताचा अंदाज : सामर्थ्य व मर्यादा

अनुभवी मिस्त्री टॉर्क रेंचशिवाय हेड आवळतात, आणि त्यांची कामे टिकतातही. याला शास्त्रीय आधार आहे. सुमारे ३०० मिलिमीटर लांबीच्या पान्यावर ३० किलोग्रॅम जोर दिला की ९ किलोग्रॅम-मीटर टॉर्क मिळतो. पान्याची लांबी ठरलेली असते, सवयीने जोरही ठरतो, आणि त्यामुळे हात स्वतःच एक मोजमाप बनतो. जुन्या मंदगती ऑइल इंजिनांत स्टड जाड असतात, हेड ओतीव लोखंडाचे असते आणि आवळणी स्थितिस्थापक मर्यादेच्या बरीच आत असते. अशा ठिकाणी दहा-पंधरा टक्क्यांची चूक खपून जाते.

परंतु हातालाही टॉर्कच जाणवतो, ताण नव्हे. गंजलेला बोल्ट हाताला ‘घट्ट’ लागतो, तेव्हा तो प्रत्यक्षात सैल असू शकतो. शिवाय पान्याला पाइप जोडून लांबी ६०० मिलिमीटर केली की त्याच जोरात टॉर्क दुप्पट होतो आणि हाताचा अनुभव निरुपयोगी ठरतो. अंदाजाची ही परंपरा त्याज्य नाही, मात्र ती ज्या इंजिनांवर घडली त्यांच्यापुरती मर्यादित आहे.

४. कोनाने आवळणे व ताणून वापरले जाणारे बोल्ट

आधुनिक वाहनांच्या डिझेल इंजिनांत ज्वलनाचा दाब अधिक असतो आणि हेड बहुधा ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. १०० मिलिमीटर जाडीचे हेड व तेवढ्याच लांबीचा बोल्ट यांचे तापमान ७० अंशांनी वाढले, तर दोहोंच्या प्रसरणातील फरक सुमारे ०.०८ मिलिमीटर येतो. हा फरक सहन करून दाब कायम ठेवण्यासाठी बोल्ट लांब, सडपातळ व अधिक ताणला जाणारा असावा लागतो. सर्व बोल्टांत एकसारखा ताण असणेही अत्यावश्यक ठरते. घर्षणावर अवलंबून असलेली टॉर्कची पद्धत ही एकसारखेपणाची हमी देऊ शकत नाही.

यावरील उपाय म्हणजे कोनाने आवळणे. प्रथम अल्प टॉर्कने सर्व बोल्ट टेकवून घेतात व नंतर प्रत्येक बोल्ट ठरावीक कोनातून, उदाहरणार्थ ९० अंश आणि पुन्हा ९० अंश, फिरवितात. एम-१२ बोल्टच्या आट्यांचे अंतर १.७५ मिलिमीटर असल्यामुळे ९० अंशांत तो ०.४४ मिलिमीटर पुढे सरकतो. मग घर्षण कमी असो वा अधिक. यातील काही भाग गॅस्केट व हेड दाबले जाण्यात जातो, उरलेल्या भागाने बोल्ट लांब होतो. १२० मिलिमीटर लांबीच्या १०.९ दर्जाच्या बोल्टची स्थितिस्थापक वाढ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास संपते. त्यामुळे दोन टप्प्यांतील कोन त्याला या मर्यादेपलीकडे नेतो, आणि रचनाकारास तेच अपेक्षित असते. मर्यादेपलीकडे लांबी वाढली तरी ताण फारसा वाढत नाही; परिणामी सर्व बोल्टांत जवळपास समान ताण येतो.

या लाभाची किंमतही आहे. असा बोल्ट उतरविल्यानंतर मूळ लांबीवर येत नाही. तो कायमचा थोडा लांब झालेला असतो. प्रत्येक आवळणीत त्याची ताणले जाण्याची शिल्लक कमी होते. शिल्लक संपली की त्याची मान बारीक होते, ताण घटतो आणि तो आवळतानाच किंवा नंतर तुटतो. पुनर्वापराचा प्रश्न हा मुळात या शिल्लकीचा प्रश्न आहे.

५. पुनर्वापराचे निकष

पहिला निकष बोल्टच्या प्रकाराचा. पुस्तिकेत केवळ टॉर्क दिला असेल तर बोल्ट सामान्यतः स्थितिस्थापक मर्यादेत वापरला जातो आणि निर्दोष असल्यास पुन्हा वापरता येतो. टॉर्कबरोबर कोन दिला असेल तर तो मर्यादेपलीकडे ताणला जात असण्याची शक्यता धरावी आणि पुस्तिकेने मुभा दिल्याशिवाय पुन्हा वापरू नये. काही उत्पादक कमाल लांबी देतात. त्याहून लांब बोल्ट बाद समजला जातो. काही अवजड इंजिनांच्या बाबतीत प्रत्येक वापरानंतर बोल्टच्या डोक्यावर पंचाने एक ठिपका मारतात आणि ठरावीक ठिपक्यांनंतर तो बदलतात. ही पद्धत अनुकरणीय आहे, कारण पुढील मिस्त्रीस बोल्टचा पूर्वेतिहास कळतो.

दुसरा निकष प्रत्यक्ष स्थितीचा. बोल्ट स्वच्छ करून त्याची लांबी व्हर्नियरने मोजावी आणि शक्य असल्यास नव्या बोल्टशी ताडून पाहावी. आट्यांच्या भागाचा व्यास दोन-तीन ठिकाणी मोजावा. एखाद्या ठिकाणी तो कमी भरल्यास मान बारीक होऊ लागली असे समजावे. नवा नट हाताने संपूर्ण आट्यांवरून फिरवून पाहणे ही सोपी चाचणी आहे. नट मध्येच अडला तर आट्यांचे अंतर बदलले आहे. पाण्याच्या संपर्काने पडलेले गंजाचे खड्डे, वाकलेला दांडा, चेपलेले आटे यांपैकी काहीही आढळल्यास बोल्ट बाद करावा. गंजाचा छोटा खड्डाही थकव्याच्या तड्याचा आरंभबिंदू ठरतो.

तिसरा निकष दर्जाचा. बोल्टच्या डोक्यावरील ८.८, १०.९, १२.९ या खुणांना निश्चित अर्थ आहे. १०.९ मधील पहिला आकडा सुमारे १००० मेगापास्कल तुटण्याचे सामर्थ्य, आणि दुसरा त्याच्या ९० टक्क्यांवर स्थितिस्थापक मर्यादा दर्शवितो. भारतीय मानक आयएस १३६७ याच पद्धतीवर आधारलेले आहे. एखादा बोल्ट हरवल्यास बाजारातील मापाने जुळणारा, परंतु कमी दर्जाचा बोल्ट बसविणे धोक्याचे आहे, कारण मापे जुळली तरी तो अपेक्षित ताण पेलू शकत नाही.

६. आवळणीची पद्धत

हेड उतरविताना इंजिन पूर्ण थंड असावे आणि बोल्ट बाहेरून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल करावेत. अन्यथा हेड वाकते. बसविताना क्रम उलट, म्हणजे मध्यापासून बाहेरच्या दिशेने असतो, जेणेकरून गॅस्केट मधून कडांकडे सपाट बसत जाईल. पूर्ण टॉर्क एकदम न देता तीन टप्प्यांत द्यावा.

ब्लॉकमधील आटे साफ करताना नवे आटे कापणारा टॅप न वापरता केवळ साफसफाईपुरता टॅप वापरावा. बंद तळाच्या छिद्रात ऑइल किंवा पाणी साचले असेल तर ते हवेने उडवून काढावे. साचलेला द्रव दाबला जात नाही. बोल्ट तळाशी पोहोचल्यासारखा घट्ट लागतो, हेड मात्र सैल राहते आणि प्रसंगी ब्लॉकला तडा जातो. पाण्याच्या पोकळीत उघडणाऱ्या छिद्रांतील बोल्टना पुस्तिकेत सांगितलेले सीलंट लावावे. ऑइल आट्यांना व डोक्याखाली पातळ लावावे आणि निथळू द्यावे.

इंजिन काही काळ चालविल्यानंतर पुन्हा आवळणे ही जुन्या, दबत जाणाऱ्या गॅस्केटांसाठी योग्य प्रथा आहे. तेव्हा पुस्तिकेत तसे सांगितले असल्यास इंजिन थंड झाल्यावर एकेक बोल्ट किंचित सैल करून ठरलेल्या टॉर्कला आणावा. थांबलेल्या बोल्टचे घर्षण फिरत्या बोल्टपेक्षा अधिक असल्याने तसाच आवळल्यास रेंच खोटा आकडा दाखवितो. पोलादी थरांचे गॅस्केट आणि कोनाने आवळलेले बोल्ट यांना मात्र ही प्रथा सामान्यतः लागू नाही.

७. आर्थिक बाजू

बोल्टचा संच हा दुरुस्तीच्या एकूण खर्चातील लहान भाग असतो. तो वाचविण्याच्या प्रयत्नात गॅस्केट पुन्हा उडाले तर नवे गॅस्केट, मजुरी आणि बंद राहिलेले दिवस यांचा भार पडतो. कालव्याच्या आवर्तनाच्या दिवसांत ऑइल इंजिन बंद पडल्यास शेतकऱ्याला पाणी पुढच्या आवर्तनापर्यंत मिळत नाही. तेथे नुकसान बोल्टचे नसून उभ्या पिकाचे असते. दुसऱ्या बाजूस, जाड स्टडच्या जुन्या इंजिनाचे निर्दोष स्टड दर वेळी बदलावयास लावणे हीही उधळपट्टीच होय. काटकसर आणि कंजुषी यांतील सीमारेषा येथे मोजमापानेच आखता येते.

निष्कर्ष

१. हेडचा सांधा टॉर्कवर नव्हे, तर बोल्टमधील ताणावर टिकतो. टॉर्क हे त्याचे घर्षणाने दूषित झालेले अप्रत्यक्ष माप आहे.
२. स्थितिस्थापक मर्यादेत वापरले जाणारे बोल्ट तपासणीनंतर पुन्हा वापरता येतात. मर्यादेपलीकडे ताणले जाणारे बोल्ट उत्पादकाच्या अनुमतीनेच वापरावेत.
३. स्वच्छ आटे व सांगितलेले वंगण यांशिवाय टॉर्क रेंचच्या अचूकतेला अर्थ उरत नाही.
४. हाताच्या अंदाजाची परंपरा मूल्यवान असली तरी तिला मोजमापाची जोड आवश्यक आहे.

शिफारशी

पदार्थविज्ञान व यंत्र अभियांत्रिकी विभागांनी पुढील प्रयोग अल्प खर्चात करावा. एम-१२ चा संपूर्ण आटे असलेला बोल्ट १२० मिलिमीटर लांबीच्या पोलादी नळीतून घालून नटाने आवळावा आणि त्याची वाढलेली लांबी ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या मायक्रोमीटरने मोजावी. ४० किलोन्यूटन ताणास अपेक्षित वाढ सुमारे ०.२८ मिलिमीटर आहे. समान टॉर्क ठेवून कोरडे, ऑइल लावलेले व ग्रीस लावलेले आटे यांची तुलना केल्यास तक्ता क्र. १ मधील तफावत विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येईल. या प्रयोगास परिसरातील फिटर व मिस्त्री यांनाही निमंत्रित करावे. त्यांच्या हातांना ठाऊक असलेले आणि पुस्तकाला ठाऊक असलेले ज्ञान एका टेबलावर आल्यास त्याचा लाभ दोघांनाही होईल.